आचारसंहिता डुकरांना नाही

आमच्या कोकणात ठासणीची बंदूक म्हणजे शेतीचं औजारच, कोयत्या-नांगरासारखं. दारू ओता, गजानं ठासा, छर्रे भरा, केप चढवा. तेव्हा कुठं एक बार निघतो. त्या आवाजानंच डुकरं पळतात. १९५९च्या शस्त्र कायद्यातसुद्धा पीकराखणीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पण २०१४ आणि २०१९ला विधानसभेचं मतदान आलं ऑक्टोबरात, ऐन भात पिकताना. लगेच सांगावा : बंदूक जमा करा! माझी बंदूक ठाण्यात, डुकरं माझ्या भातात. दर बाराला एवढा खटाटोप लागणाऱ्या बंदुकीनं कोण मतदान केंद्र लुटणार? ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, त्याची बंदूक कापणी होईस्तोवर मांगरातच राहू द्या. मत नेता, मग भातही राखू द्या की!