डबा वर की बाजूला?

पेंटबॉल बंदुकीत रंगगोळी आत शिरण्याचे भोक बहुधा बंदुकीच्या धडाच्या माथ्यावर असते. तिथे हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा, बसतो आणि गोळी स्वतःच्या वजनाने खाली उतरते. सोय खरी, पण डबा नेमाच्या आड येतो आणि खेळाडू लपला तरी हा आडोशाबाहेर डोकावतो. बाजूला बसवला की दोन्ही त्रास कमी होतात. त्यासाठी लागणारे कोपरासारखे वळलेले साधे नळकांडे स्वस्त असते, त्याला बॅटरी लागत नाही. मात्र झपाट्याच्या माऱ्यात वळणावर गोळ्या अडतात. मोटरने गोळ्या पुढे ढकलणारी यंत्रणा वेग राखते, भार मात्र एका अंगाला ओढते. हौशी खेळाला नळकांडे पुरेसे. प्रचलित गोळी 0.68 इंची, सुमारे 17.3 मिलिमीटरची, म्हणून नळकांड्याचा आतला व्यास त्याहून किंचित मोठा हवा. बसवण्याआधी नळीवर सुरक्षा-टोपी चढवावी, गोळ्या आणि हवेची टाकी काढावी, उरलेली हवा सोडावी. क्लॅम्प डबा हलणार नाही इतकाच आवळावा. फार कसला तर प्लास्टिक तडकते. शेवटी हाताने गोळ्या सोडून त्या कुठे अडखळतात ते पाहावे. गोळीचे कवच जिलेटिनचे, म्हणून ते उन्हात मऊ पडते आणि दमट हवेत फुगते. आंधळगावच्या, एकूणच भंडारा जिल्ह्याच्या, मे महिन्यातल्या उन्हात भरलेला डबा उघड्यावर ठेवला, तर उत्तम जोडणीही गोळ्या फुटण्यापासून वाचवत नाही. गोळ्या सावलीत ठेवून खेळाच्या वेळीच भराव्यात.