तक्रार का करू नये?



‘परदेशात शिकणाऱ्या मुलांनी घराच्या तक्रारी करत बसू नये’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मुळीच पटले नाही. लीड्समध्ये माझ्या मुलीच्या खोलीत खिडकीखालची भिंत बुरशीने काळी पडली, गादीला कुबट वास येऊ लागला. घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीचे उत्तर एकच, ‘मालकांना कळवलंय.’ भाडे मात्र वेळच्या वेळी हवे! इंग्लंडमध्ये २०१८ च्या कायद्याने घर राहण्यायोग्य ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. अनामत रक्कम ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, नाहीतर न्यायालय तिच्या तिपटीपर्यंत दंड लावू शकते. मुलांनी फोनवर हुज्जत न घालता फोटो काढून ईमेल करावा. दाद लागली नाही तर थेट स्थानिक कौन्सिलकडे जावे. भाडे मात्र थकवू नये, त्याने मालकाच्याच हाती कोलीत मिळते.

— एक पालक, पुणे