नाताळच्या जेवणाला जावं की नाही?

डिसेंबरची वीस तारीख उलटली की आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज येतोच. 'मेरी ख्रिसमस' म्हणणं म्हणजे अल्लाहला मुलगा आहे असं कबूल करणं, म्हणून मुसलमानाने हे शब्द तोंडातून काढू नयेत. खाली आठ-दहा जणांचे 'जजाकल्लाह', आणि विषय संपतो. 'मेरी' म्हणजे आनंदाचा, त्यात मुलगा कुठून आला, हे इंग्रजीच्या सरांना विचारायला हवं. पण ते असो. मी नाताळला एका ख्रिस्ती घरी जेवायला जाते, गेली बरीच वर्षं जाते, आणि का जाते ते इथे सविस्तर लिहिते.

घर वसईतल्या एका वाडीत आहे, माझ्या शाळेतल्या एका बाईंचं. ही सामवेदी कॅथलिक मंडळी. चार भाऊ, चार चुली, एक भाऊ तर परदेशात. वर्षभर भावाभावांत बांधावरून, विहिरीच्या पंपावरून कुरबुरी चालतात, त्याही मी ऐकलेल्या आहेत. पण नाताळच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या जावा थोरल्या घरी एकाच चुलीभोवती बसतात. कलकल करायचे असतात. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर. पिठाची छोटी गोळी काट्यावर नाहीतर नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळवायची आणि तळायची. एकटीने करण्याचं हे कामच नाही. परातभर गोळ्या वळायला पंधरा हात लागतात, आणि पंधरा हात एका जागी बसले की बांधाचं भांडण आपोआप थोडं सैल होतं. लाल लुगड्यातल्या आजी कादोडीत बोलतात, नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात आणि सुना मधल्या मध्ये मराठीत दोघांना सांभाळतात. पोरं बाहेर गवत आणून गोठा रचत असतात. मग नेवऱ्या, कलकल ताटात भरून, वर रुमाल झाकून शेजारीपाजारी जातात. ईदचा हिस्सा आपण जसा पाठवतो, अगदी तसेच.

माझ्या नानीच्या घरी रमजानच्या आधी शेवया हातांनी वळल्या जायच्या. खाटेवर चादर टाकून वाळत घातलेल्या असायच्या, आणि राखणीला आम्ही पोरं. आज शेवयांचं पाकीट येतं. मला पाकिटाचा राग नाही, नोकरी करून कोण शेवया वळणार? पण त्या खाटेभोवती ज्या खाला-मामी जमायच्या, त्या आता ग्रुपवरच भेटतात. ते जमणं मला वसईत दिसतं, आणि तिथे जायचं हे माझं एक कारण आहे.

आता जेवणाचं. त्या घरी डुकराचं मांस शिजतं, घरची वाईनही असते. हे लपवून मी काही सांगणार नाही. पण माझ्यासाठी वेगळं पातेलं असतं आणि त्यातली कोंबडी बाजारातल्या मुसलमान खाटकाकडून आणलेली असते. हे मी कधी सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी आजींनी मुलाला त्या दुकानात पाठवलं होतं. अहले-किताबच्या जेवणाबद्दल सूरह माइदामध्ये मुभा आहे, जबीहाबद्दल उलमांची लांबलचक चर्चा आहे. आजींनी त्या चर्चेची वेळच येऊ दिली नाही.

अकीद्याबद्दल त्या घरात कुणाचा गैरसमज नाही. हजरत ईसा आमच्यासाठी नबी आहेत, अल्लाहचे पुत्र नाहीत, हे त्यांना माहीत आहे. मी मिस्साला जात नाही, तेही कुणी मनाला लावून घेत नाही. आजींनी एकदा विचारलं, "तुमच्यात मरियामातेला काय म्हणतात?" मी सांगितलं, हजरत मरियम. त्यांच्या नावाची अख्खी सूरह आहे, कुरआनात नावाने उल्लेख झालेली स्त्री ती एकच. लोकांपासून दूर गेलेली, प्रसूतीच्या कळांनी खजुराच्या बुंध्याशी आलेली, आणि बुंधा हलव म्हणजे ताजा खजूर पडेल असा दिलासा तिला तिथे मिळतो. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एकटीच होती? जवळ कुणी बाई नव्हती?" तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की ही सूरह मी इतक्यांदा वाचली, पण सुईणीच्या नजरेने कधी वाचली नव्हती.

उर्दू शिकवणाऱ्या बाईला शब्दांची खोड असते, म्हणून हेही सांगते. नाताळ हा पोर्तुगीज शब्द, अर्थ जन्म. मीलादचा अर्थही जन्म. अरबी बोलणारे ख्रिस्ती नाताळला ईद-उल-मीलादच म्हणतात. आणि 'ईद' हा शब्द कुरआनात फक्त एकदा येतो, तोही हजरत ईसांच्या दुआत. हवारी आकाशातून दस्तरख्वान मागतात, आणि हजरत ईसा अल्लाहकडे तो मागताना म्हणतात की तो आमच्या पहिल्या-शेवटच्या सगळ्यांसाठी ईद होवो. सूरह माइदाचं नावच त्या दस्तरख्वानावरून पडलं आहे. शुभेच्छा देऊ नयेत असं मानणारे उलमा आहेत, त्यांचा आदर आहे. पण कैरोच्या अल-अजहरचे शेख अहमद अल-तय्यब ख्रिस्ती धर्मगुरूंना नाताळच्या शुभेच्छा देतात. म्हणजे मतभेद आहे. मतभेदाच्या गोष्टीला ग्रुपवर हुकूम म्हणून फिरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे, मराठीत लिहिणारे, हरित वसईसाठी लढलेले. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून आरडाओरडा झाला. 'तुम्ही मराठी किती छान बोलता' हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर ऐकलंय, त्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. गेल्या काही वर्षांत नाताळच्या दिवसांत देशात कुठे ना कुठे सजावट फोडल्याची, प्रार्थना बंद पाडल्याची बातमी येते. आणि आपण नेमक्या त्याच आठवड्यात शुभेच्छा हराम की हलाल यावर बोटं झिजवतो! सोसायटीत फ्लॅट मिळत नाही, ईदला कुणी घरी येत नाही, ही आपली तक्रार खरी आहे. पण आपण कुणाच्या घरी जातो?

शाळेत पोरांना सांताच्या टोप्या घालून फोटो काढतात, ते मला फारसं आवडत नाही. तो बाजाराचा नाताळ आहे. त्यापेक्षा वर्गातल्या एखाद्या ख्रिस्ती मुलाच्या घरी चार पोरांना कलकल वळायला पाठवा.

मोठ्यांसाठी एक सूचना. नाताळला कुणाकडे जाणार असाल तर केक नेऊ नका, त्या घरी आधीच सहा-सात आलेले असतात. खजूर न्या. चांगला, ओला. आजींना तो फार आवडतो, आणि दात नसले तरी खाता येतो.