जुनी मुळे आणि खरा वारसा

जुन्या बागेवर बागायतदाराची माया असते, आणि ती असणे योग्यच आहे. तथापि ही माया मुळांवर असावी की वाणावर, हा प्रश्न फ्रान्समधील एका विख्यात द्राक्षमळ्याच्या इतिहासावरून मनात उभा राहतो.

बरगंडी प्रांतातील वोन-रोमाने गावचा रोमाने-काँती हा मळा अवघा सुमारे साडेचार एकरांचा आहे. १७६० साली काँतीच्या राजपुत्राने तो विकत घेतला व पुढे त्याचेच नाव मळ्यास मिळाले. 'पिनो न्वार' या काळ्या द्राक्षापासून येथे होणारे तांबडे मद्य जगातील अत्यंत मौल्यवान मद्यांत गणले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने फ्रान्समधील मळे उजाड केले. या किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर फ्रेंच वाणांची कलमे बांधणे, हाच टिकाऊ उपाय ठरला. रोमाने-काँतीच्या मालकांनी मात्र कलम नाकारले. जमिनीत कार्बन डायसल्फाइड हे जहाल रसायन टोचून त्यांनी जुन्या वेली कित्येक दशके जगविल्या.

दुसऱ्या महायुद्धात हे रसायन दुर्मीळ झाले, मजूरही मिळेनात. १९४५ च्या हंगामात साऱ्या मळ्यातून जेमतेम ६०० बाटल्या मद्य निघाले. अखेर वेली उपटाव्या लागल्या. जवळच्याच ला ताश या आपल्या दुसऱ्या मळ्यातील काड्यांची कलमे मालकांनी १९४७ साली लावली. १९४६ ते १९५१ या सहा हंगामांत रोमाने-काँतीच्या नावाने मद्य झाले नाही. १९५२ पासून ते पुन्हा होऊ लागले, आणि मळ्याची कीर्ती आजही अभंग आहे.

आमच्या मते यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. वारसा वाणात, जमिनीत व मशागतीत असतो. खुंट बदलल्याने तो बुडत नाही. दुसरे असे की, अटळ बदल लांबणीवर टाकल्यास तो एकदम अंगावर येतो. सहा हंगामांची तूट सधन मालक सोसू शकतो. लहान बागायतदाराचा संसार तेवढ्यात मोडेल. त्याने बाग टप्प्याटप्प्याने बदलावी, हेच श्रेयस्कर.

पाण्याची टंचाई व क्षारयुक्त जमीन यांस तोंड देण्यासाठी महाराष्ट्रातील बागायतदारांनी 'डॉगरिज' या अमेरिकन खुंटाचा अवलंब केला आहे. जुन्या बागेविषयी निर्णय घेताना त्यांनी रोमाने-काँतीचे उदाहरण ध्यानी ठेवावे. बाग अजून उत्पन्न देत आहे, तोवरच पुढील बागेची काडी निवडून ठेवावी.