कॉन्स्टंटाईनची निवृत्ती

सरकारी नोकराला रुजू होतानाच आपल्या निवृत्तीची तारीख ठाऊक असते. सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिली की झालं, पुढचा हिशेब कुणीही करावा. आमच्या गोवा सरकारात साठी पूर्ण झाली की नारळ, शाल, चार भाषणं आणि बटाटवडा. मला अजून अवकाश आहे, पण चाळिशी ओलांडल्यापासून दुसऱ्यांचे निरोप समारंभ मी जरा जास्तच लक्ष देऊन बघतो. आज लिहायचंय ते अशाच एका निरोपाबद्दल. माणूस मात्र कचेरीतला नव्हे, कॉमिक्समधला.

जॉन कॉन्स्टंटाईन हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना २००५ च्या कियानू रीव्ह्जच्या सिनेमामुळे माहीत आहे. तो सिनेमा विसरा. मूळचा कॉन्स्टंटाईन लिव्हरपूलचा, सोनेरी केसांचा, मळक्या रेनकोटातला, तोंडात सदैव सिगारेट असलेला मांत्रिक. ॲलन मूरने १९८५ मध्ये 'स्वॅम्प थिंग' या मालिकेत त्याला आणलं आणि १९८८ पासून 'हेलब्लेझर' नावाची त्याची स्वतःची मालिका सुरू झाली. पहिला लेखक जेमी डेलानो. पुढे गार्थ एनिससारखे बरेच येऊन गेले. शेवटचा पीटर मिलिगन. २५१ व्या अंकापासून ३०० व्या अंकापर्यंत सलग पन्नास अंक त्याने लिहिले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मालिका बंद झाली. या शेवटच्या पन्नास अंकांना चाहते फारसे चांगले गुण देत नाहीत. माझं मत थोडं वेगळं आहे, म्हणून हा खटाटोप.

माझ्या पिढीने 'इंद्रजाल'चा वेताळ शेवटी शेवटी का होईना, वाचलेला आहे. (आमच्या गोव्यात वेताळ म्हणजे गावचा राखणदार. आमोण्याला, लोलयेला त्याची देवळं आहेत आणि रात्री गावाची फेरी मारून तो वहाणा झिजवतो म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. त्यामुळे जंगलातला तो जांभळा वेताळ आम्हाला कधी परका वाटलाच नाही!) तो अमर आहे असं जंगलातली माणसं मानायची. खरं तर बाप मेला की मुलगा मुखवटा चढवायचा. आपला होता तो एकविसावा. पण हा एकविसावा काही मरेना. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार असो की आपल्या गोमंतकीय गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, शेकडो पुस्तकं झाली तरी नायकाचा एक केस पिकला नाही. वाचक म्हातारा होतो, नायक नाही, हा या धंद्याचा अलिखित करारच.

'हेलब्लेझर'ने हा करार मोडला. कॉन्स्टंटाईनची जन्मतारीख ठरलेली होती, १० मे १९५३, आणि दर वर्षी तो आपल्याबरोबर एका वर्षाने मोठा होत गेला. मिलिगनच्या हाती आला तेव्हा तो पंचावन्नचा होता. मिलिगनने त्याचं हे वय लपवलं नाही, उलट त्यालाच विषय केलं, आणि मला त्याचं मोठेपण इथेच वाटतं. त्याच्या पहिल्याच कथानकात कॉन्स्टंटाईनच्या अंगावर खपल्या उठतात. खपलीला इंग्रजीत जो शब्द आहे तोच संप फोडणाऱ्यालाही आहे, आणि कथेमागे लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचा संप आहे. म्हणजे पिशाच्च बाहेरून आलेलंच नाही. जुनी लाज कातडीतून वर आलीय. पुढे फीबी नावाच्या प्रेयसीचा जीव त्याच्यामुळे जातो. त्याचं डोकं फिरतं आणि तो स्वतःचाच अंगठा कापून टाकतो. मग उतारवयात २७५ व्या अंकात तो चक्क लग्न करतो, तेही लंडनच्या एका गुंडाच्या तरुण, किमयागार मुलीशी, एपिफनीशी. त्याच लग्नाच्या दिवशी त्याच्या भाचीवर, जेमावर, जो भयंकर प्रसंग ओढवतो त्याचा हिशेब ती पुढे मामाकडेच मागते. तरुणपणी केलेल्या चलाख्यांची बिलं साठीच्या तोंडावर एकामागून एक टेबलावर येऊन पडावीत, तसं हे सगळं आहे.

दोष नाहीत असं मी म्हणत नाही. काही कथानकं घाईत गुंडाळलेली आहेत. फीबीला परत आणण्याचा मार्ग शोधत कॉन्स्टंटाईन भारतात येतो तो भाग तर मला फारच पातळ वाटला. मुंबई म्हटल्यावर बॉलिवूड, झोपडपट्टी, अध्यात्म, आणि वर ब्रिटिश राजवटीचं एक भूत. कल्पना वाईट नाही. साहेब गेला तरी साहेबाचं भूत गेलं नाही, हे आम्हा पोर्तुगीज अमदानीच्या वारसांना कुणी सांगायला नको. पण ती मुंबई टॅक्सीच्या काचेतून बघितलेली आहे. ज्या शहरात शिवसेनेच्या शाखा आहेत, गिरणगाव आहे, लोकलचं चौथ्या सीटवरचं भांडण आहे, ते शहर त्यात नाही. नारायण धारपांचा 'समर्थ' ज्याने वाचलाय त्याला वाड्यातल्या एका बंद खोलीची भीती या सगळ्या रंगीत देखाव्यापेक्षा जास्त वाटते.

तरीही शेवट! शेवटच्या तीन अंकांत कॉन्स्टंटाईनला आपला मृत्यू आधीच कळतो आणि २९८ व्या अंकात तो खरंच मरतो. त्याच्यामागे अंत्यविधी होतात, दारू होते, माणसं भांडतात. मग अर्थातच शंका येते, की यातही या गृहस्थाची काही चाल असणार. अखेरच्या पानांवर एक थकलेला, म्हातारा चेहरा दिसतो आणि मिलिगन नेमकं उत्तर देत नाही. पुष्कळांना हा शेवट पटला नाही. फसवलं म्हणाले.

मी एक गोष्ट सांगतो.

ही कॉमिक्स माझ्याकडे आली ती माझ्या मावसभावाकडून. तो तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस. घरात आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. इंग्लंडच्या बंदरातून तो चॉकलेटं, साबण आणि हे अंक आणायचा. त्याचं सर्वांत आवडतं कथानक एनिसचं, १९९१ चं. कॉन्स्टंटाईनला फुप्फुसाचा कर्करोग होतो. उपाय संपतात तेव्हा तो नरकाच्या तिन्ही अधिपतींना एकमेकांच्या नकळत आपला आत्मा विकतो. आता हा मेला तर तिघांत युद्ध होणार, म्हणून तिघेही झक मारत त्याला बरा करतात. भाई हे इतक्या रंगात येऊन सांगायचा की जणू ती युक्ती त्यालाच सुचली होती. सांगताना हातात सिगारेट असायचीच.

तीनशेवा अंकही त्यानेच आणला. पुढच्या वर्षी त्याच्या फुप्फुसाचं निदान झालं. इस्पितळात मी जवळ बसलो असताना तो मला म्हणाला, "अरे, मला तीन गिऱ्हाइकं मिळाली नाहीत रे." मी हसलो. तोही हसला, मग खोकला. आत्मा गहाण ठेवून घेणारा सावकार प्रत्येकाला भेटत नाही. भाई गेला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर मी मिलिगनचे अंक पुन्हा काढून वाचले आणि मला ते पहिल्यांदा नीट कळले. एनिसची युक्ती बावीस वर्षं टिकली. पण ती मुदतवाढ होती. मिलिगनने फक्त मुदत संपल्याची नोटीस बजावली. आणि ती बजावतानाही तो दार पुरतं लावून घेत नाही, कारण गेलेल्या माणसाबद्दल आपलं मन असंच वागतं. भाई अजून एखाद्या बंदरात सिगारेट ओढत उभा असेल असं मला कधी कधी वाटतं. ते खरं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी वाटतं.

आता माझी खरी तक्रार. कॉन्स्टंटाईनची साठी पूर्ण व्हायला तीन महिने उरले असताना प्रकाशकाने मालिका बंद केली आणि पुढच्याच महिन्यात, मार्च २०१३ मध्ये, त्याच नावाचा एक तरुण कॉन्स्टंटाईन दुसऱ्या मालिकेत बसवला. आमच्या खात्यातही खुर्ची रिकामी राहत नाही, हे मान्य. पण नवा माणूस येतो तो स्वतःच्या नावाने येतो. जुन्या माणसाचीच जन्मतारीख खोडून त्याला पुन्हा कामाला लावलं, तर सर्व्हिस बुकात त्याला खाडाखोड म्हणतात.

काही जण म्हणतील, मालिका बंद पाडली म्हणूनच मिलिगनला शेवट लिहिता आला, नाहीतर गाडी अशीच रेटली गेली असती. खरंय. म्हणूनच मी बंद करण्याबद्दल रडत नाही. २५ वर्षं आणि ३०० अंक हा भरपूर सेवाकाळ झाला. माझं म्हणणं एवढंच, की जो माणूस आपल्याबरोबर म्हातारा झाला त्याला मरण्याचाही हक्क आहे, आणि तो मिलिगनने त्याला मिळवून दिला.

भाईचे अंक माझ्या कपाटात आहेत. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून दर वर्षी गणपतीनंतर उन्हात घालतो. मुलगा विचारतो, बाबा, यातला पहिला कुठला वाचू? मी त्याला १९९१ चे देतो. शेवटचे त्याला इतक्यात देणार नाही. त्याला थोडा वेळ आहे.