समुद्राच्या तापाचा तक्ता

एकदा थर्मामीटर लावून दुखणे कळत नाही. आम्ही वॉर्डात तापाचा तक्ता ठेवतो. समुद्राचा तक्ता वाहते तरंडे ठेवतात. सुमारे १५ मीटर खोल लोंबणाऱ्या कापडी नळीमुळे ते वाऱ्याने न भरकटता प्रवाहाबरोबर जातात आणि पृष्ठभागाचे तापमान उपग्रहामार्फत कळवतात. वारा पाणी घुसळतो, खालचे गार पाणी वर येते, आकडा उतरतो. किती उतरला, यावरून घुसळणीचा अंदाज येतो. गरम थर जाड असेल तर मात्र घुसळूनही गरमच पाणी वर येते आणि वादळाला खुराक मिळत राहतो. मे २०२१ मधले ‘तौक्ते’ पापडीत कोण विसरेल? हैदराबादची ‘इन्कॉइस’ अशा नोंदींच्या आधारे समुद्राचे अंदाज देते. तेव्हा पाचूबंदर, अर्नाळ्याच्या नाखव्यांनो, जाळ्यात तरंडा आला तर भंगारवाल्याकडे आणू नका. होता तसा पाण्यात सोडा.