कान-कपाळ मोजून ऑटिझम कळत नाही हो

चार दिवस झाले, गावातल्या तीन ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. कान खाली, कपाळ मोठं, म्हणजे पोराला ऑटिझम. पुढे ढकलणाऱ्यांत एक मास्तरही आहेत!

डोक्याचा घेर, चेहऱ्याची ठेवण यावर संशोधन चालू आहे, खरंय. काही मुलांचं डोकं पहिल्या वर्षात भराभर वाढतं, हे २००३ मध्ये अमेरिकेत नोंदवलं गेलं. पण सगळ्यांचं नाही. आणि मोठ्या डोक्याची बहुतेक पोरं ठणठणीत असतात. टेप लावून निदान होत नाही, ते वागण्यावरून होतं. वर्षाचं पोर हाकेला वळतं का? (ऐकू येतं का, हे आधी तपासा.) दीड वर्षाचं झालं तरी ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवतं का? आलेले शब्द गेले का?

माझा खरा राग वेगळाच आहे. अंगणवाडीत वजन-उंची नेमाने भरतात, कारण वर रिपोर्ट जातो. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसकट छापलेत. मी पाहिलेल्या कार्डांवर ती पानं कोरी. सेविकाताईंना दोष देत नाही, त्यांच्यामागे रजिस्टरं कमी आहेत का? पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवं, ऑटिझम त्यांच्या यादीत आहे. इथे दात-कान बघून गाडी पुढे जाते. ओळखीतल्या एका आईला तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून परत पाठवलं. दोन वर्षं गेली तिची.

तो फोटो डिलीट करा. तुमच्या अंगणवाडीत पथक शेवटचं कधी आलं ते विचारा, तारीख खाली कमेंटमध्ये टाका. मी त्या घेऊन जिल्हा रुग्णालयात जाणार आहे.